आठवी तक्रार

तक्रारपेटी रिकामी निघाली आणि केंद्रातली चारही माणसं हवालदिल झाली.

एरवी कुठल्याही कचेरीत पेटी रिकामी निघाली तर साहेबाची कॉलर ताठ होते. पण हे होतं वस्तीतलं छोटंसं मानसिक आरोग्य केंद्र, आणि पुढच्या मंगळवारी अकरा वाजता मान्यता मंडळाची तपासणी होती. मागच्या खेपेला आलेल्या तपासनीस साहेबांनी शेरा मारला होता : 'तक्रारपेटी रिकामी. तक्रार निवारण यंत्रणा चालू असल्याचा पुरावा नाही.' तोच शेरा दुसऱ्यांदा पडला की मान्यता स्थगित. मग केंद्राला कुलूप, आणि इथे येणाऱ्यांनी दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जायचं, जिथे नंबर लागेपर्यंत माणूस आपण कशासाठी आलो होतो तेच विसरून जातो.

"नीट बघितलंस का गं? कोपऱ्याबिपऱ्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. केंद्र त्यांनीच सुरू केलेलं. बारा वर्षं झाली होती त्याला.

"मॅडम, पेटी आहे ती, गोदाम नाही," असं म्हणत ताईने पेटी उलटी करून हलवली. आतून क्रेयॉनचा एक निळा तुकडा पडला.

ताई म्हणजे केंद्राची समन्वयक. फाइली, रजिस्टरं, मंडळाची पत्रं, नळाची गळती, सगळं तिच्याकडे. वय तिशीचं, पण सत्तरीची माणसंही तिला ताईच म्हणायची. क्रेयॉन तिच्या साडेतीन वर्षांच्या लेकीचा होता. पाळणाघराला सुट्टी असली की चिमणी केंद्रात यायची, आणि फट दिसली की तिला तीत काहीतरी टाकल्याशिवाय चैन पडत नसे.

"हा चालेल का पुरावा म्हणून?" काउंटरवरच्या मावशींनी क्रेयॉन उचलून बघितला. "नाहीतर मी लिहिते की तक्रार. सरांबद्दल लिहिते. बारा वर्षांत या माणसाने एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलेलं नाही."

सर म्हणजे केंद्राचे समुपदेशक. ते मान किंचित कलती करून, रेशमासारख्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं मावशी, असं का होत असेल?"

"बघा!" मावशी म्हणाल्या.

"कर्मचाऱ्यांची तक्रार चालत नाही," ताईने नियमावलीवर बोट ठेवलं. "इथे येणाऱ्यांची लागते. लेखी, सहीची. आणि तिचं आपण काय केलं तेही लेखी."

इथे येणाऱ्या माणसांनी तक्रार करायची म्हणजे कठीणच होतं. बहुतेक जण दारातून आत येतानाच 'माफ करा हं' म्हणत येत आणि जाताना खुर्ची पुसून जात.

"उद्या मंगळवारचा गट आहे," सर विचार करत म्हणाले. "त्यांना विचारून बघू या का? त्यांच्यासाठी सरावही होईल."

मंगळवारचा गट म्हणजे ज्यांना कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही अशा आठ जणांचा गट.

"खोटं काही लिहून घ्यायचं नाही हं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"खोटं कशाला, मॅडम? कुणाला काही खुपत असेल तेवढंच."

मंगळवारी गटाची वेळ संपता संपता ताई प्रतीक्षागृहात गेली. आठ जण गोल करून बसले होते. डोक्यावर जुना पंखा नेहमीसारखा खडखडत होता. खिडकीजवळच्या डुगडुगत्या खुर्चीवर शिंपीकाका होते. काकांचं दुकान त्याच गल्लीच्या टोकाला. 'काका, उद्यापर्यंत होईल?' या प्रश्नाला त्यांनी आयुष्यात एकच उत्तर दिलं होतं, त्यामुळे त्यांच्या दुकानात सगळ्या गल्लीचं सगळं काम उद्याच होत असे. दीड वर्षापूर्वी काकूंनी त्यांना हाताला धरून केंद्रात आणलं आणि म्हणाल्या, "यांना तेवढं 'नाही' म्हणायला शिकवा. मी आठ दिवस बहिणीकडे चाललेय, तोवर झालं तर बरं." सरांनी काकांना विचारलं, "गटात यायला आवडेल तुम्हाला?" काका म्हणाले, "हो."

ताईने आठ कोरे कागद वाटले. "तुम्हाला केंद्रात काय काय खुपतं, ते मोकळेपणाने लिहा. अगदी मनातलं. पेटीत टाका. गुरुवारपर्यंत आलं तर फारच बरं होईल."

आठही माना हलल्या.

"नको वाटलं तर नाही म्हणू शकता, बरं का," सर म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले, की पंख्याच्या खडखडाटात ते पंख्यालाच काय ते ऐकू गेलं असेल.

जाता जाता ताईने शिंपीकाकांना दारात गाठलं. "आणि काका, चिमणीच्या फ्रॉकची कड तेवढी—"

"झालीच समजा," काका म्हणाले. तीन आठवडे ती झालीच समजली जात होती.

गुरुवारी संध्याकाळी ताईने पेटी उघडली आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की डॉक्टरीणबाई हातातला रक्तदाबाचा पट्टा तसाच घेऊन बाहेर आल्या. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक आजोबाही आले.

"सात!" ताई म्हणाली. "मॅडम, सात आल्या! आणि सह्यासुद्धा आहेत!"

आजोबांना परत आत बसवून झाल्यावर तिने एकेक कागद काढून वाचायला सुरुवात केली.

'पंखा खडखडतो. तो जुना आहे, त्याचाही बिचाऱ्याचा दोष नाही. राग मानू नये.'

'दार करकरतं. कुणी आलं की सगळे वळून बघतात. अर्थात बघणारे सगळे चांगलेच आहेत. राग मानू नये.'

'भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. आम्हाला सवय आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं. राग मानू नये.'

'खिडकीजवळची खुर्ची डुगडुगते. मला त्रास नाही, तिच्यावर काका बसतात. राग मानू नये.'

'सर फार हळू बोलतात. पण जे ऐकू येतं ते छान असतं. राग मानू नये.'

'काउंटरवरच्या मावशी ओरडतात. मला माझ्या आईची आठवण येते. ही तक्रार आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. राग मानू नये.'

'माझी काही तक्रार नाही. तरी एक धरावी. राग मानू नये.'

"मी ओरडते?" मावशी ओरडल्या. "कुणी लिहिलंय ते? मी ओरडते का कधी?"

उत्तरादाखल आतून आजोबा दचकल्याचा आवाज आला.

आता तक्रार आली म्हणजे तिचं निवारण आलं. शुक्रवार आणि शनिवार केंद्रात निवारणाचा सपाटा चालला. पंख्याला नवं बेअरिंग बसलं आणि तो असा फिरू लागला की चालू आहे हे वर बघूनच कळावं. दाराच्या बिजागऱ्यांना तेल पाजलं. घड्याळ बारा वर्षांत पहिल्यांदा बरोबर लागलं. खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी गेली. सरांनी आरशासमोर उभं राहून पोटातून आवाज काढायचा सराव केला. आणि मावशींनी, ओठ घट्ट मिटून, आपण यापुढे फक्त कुजबुजणार असं जाहीर केलं.

"सातवीचं काय करायचं?" ताईने विचारलं. "काही तक्रार नाही, हिचं?"

"लिही, 'नोंद घेतली. आभारी आहोत,'" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रात्री ताईला कित्येक दिवसांनी पडल्या पडल्या झोप लागली.

तपासणीच्या दिवशी सकाळी पाळणाघराच्या बाईंचा फोन आला की त्यांना सणसणून ताप आहे. ताई एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात चिमणी घेऊन केंद्रात पोचली.

"आज इथे एक बाई येणार आहेत," तिने वाटेत समजावलं होतं. "त्यांच्यासमोर शहाण्यासारखं वागायचं."

"त्या रागवतात?"

"नाही गं. लिहून घेतात."

"मग मी पण लिहीन," चिमणी म्हणाली. तिला एका जागी बसवायला काहीतरी हातात द्यायला हवं होतं, म्हणून ताईने पर्समधून लाल फीत बांधलेली एक छोटी किल्ली काढून दिली. ती पेटीची आहे हे त्या गडबडीत ताईच्या डोक्यातही आलं नाही.

केंद्राचा एक नियम होता. आत आलं की सगळ्यांनी मोबाइल दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे, कर्मचाऱ्यांनीसुद्धा. त्यामुळे वेळ बघायची ती भिंतीवरच्या घड्याळात. आणि बारा वर्षांच्या सवयीने तिथे जे दिसेल त्यातून प्रत्येकजण मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करत असे. घड्याळात दहा पन्नास झाले, तेव्हा ताईने वर बघितलं आणि स्वतःशी म्हणाली, 'साडेदहा. अजून अर्धा तास आहे.'

म्हणून तिने निवांतपणे सातही तक्रारी फाइलमध्ये लावायला घेतल्या. आतापर्यंत तिने त्या एकेक करून वाचल्या होत्या. आज पहिल्यांदाच त्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या, आणि ती खालीच बसली.

सह्या सात होत्या. अक्षर एक होतं. टाचणीच्या टोकासारखं बारीक, आणि ओळ न् ओळ टीप मारल्यासारखी सरळ. हे अक्षर तिने कुठे बघितलं होतं? आपल्या सगळ्या ब्लाउजांच्या मापांच्या चिठ्ठीवर.

तिने कागद गोळा केले आणि ती सरांच्या खोलीत धावली. ही खोली म्हणजे प्रतीक्षागृहाचाच एक कोपरा, मध्ये प्लायवुडची भिंत घालून वेगळा केलेला. आजवर आतला एक शब्दही बाहेर ऐकू गेलेला नव्हता. त्याचं श्रेय केंद्रातले सगळे प्लायवुडला देत. ते पंख्याच्या खडखडाटाचं होतं, हे त्या दिवसापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं.

इकडे दार उघडलं. करकरलं नाही. हातात कातडी बॅग घेतलेल्या, मागे घट्ट अंबाडा बांधलेल्या एक बाई आत आल्या. मावशी रजिस्टरवर रेघा मारत होत्या. त्यांनी वर बघितलं तेव्हा बाई थेट काउंटरपाशी उभ्या होत्या.

एरवी मावशींनी 'कोण पाहिजेऽऽ?' अशी हाळी दिली असती आणि ती सगळ्या केंद्राला ऐकू गेली असती. पण आज त्यांनी ओठांचा चंबू केला आणि कुजबुजल्या, "बसा हं बाई. घाबरायचं काही कारण नाही. इथे येणारे सगळे आधी घाबरतातच."

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं आणि त्या बसल्या. मंगळवारचा गटही एकेक करून जमत होता. घड्याळात अकरा वाजले. प्लायवुडपलीकडून सरांचा आवाज आला. चार दिवस आरशासमोर कमावलेला, पोटातून निघालेला, खणखणीत.

"म्हणजे ताई, सातही तक्रारी एकाच माणसाने लिहिल्या आहेत असं तुम्हाला वाटतंय!"

आतून ताई काहीतरी पुटपुटली.

"आणि वीस मिनिटांत तपासनीस बाई येतील, आणि त्यांना हे कळलं तर आपलं कसं होईल, याची तुम्हाला भीती वाटतेय! ही भीती शरीरात नक्की कुठे जाणवतेय?"

बाहेर सात जणांनी एकदम आपापल्या चपलांकडे बघितलं. आठवे शिंपीकाका. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"कुणाकडे आलात हो तुम्ही?" मावशींनी अजूनही कुजबुजत विचारलं.

"तपासणीसाठी," बाई म्हणाल्या.

मावशींचा चार दिवसांचा संयम एका क्षणात संपला. "ताईऽऽऽ!"

मावशींच्या हाकेने सर आणि ताई बाहेर आले, आपल्या खोलीतून डॉक्टरीणबाईही आल्या. तपासनीस बाई उठून उभ्या होत्या.

"अकराच्या आधीपासून बसलेय," त्या म्हणाल्या. "तुमचे सर फार स्पष्ट बोलतात."

"तशी तक्रार आली होती," सर म्हणाले. त्यांचा आवाज परत रेशमाचा झाला होता.

बाईंनी हात पुढे केला. ताईने फाइल दिली. बाईंनी सात कागद पत्त्यांसारखे हातात पसरून धरले, आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बघितले.

"हे केंद्रातल्या कुणी लिहिलंय?"

"नाही!" ताई म्हणाली. "शपथेवर सांगते, नाही."

"मग कुणी?"

केंद्रात येणाऱ्या माणसाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही, हा केंद्राचा पहिला नियम होता. मंडळाच्या नियमावलीतही तो पहिलाच होता. तिने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही सांगायचं.

"सांगता येणार नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे कुणी लिहिलं हे तुम्ही सांगू शकत नाही, आणि तुम्ही लिहिलं नाही हे दाखवूही शकत नाही." बाईंनी पेन काढलं. "बनावट पुरावा म्हणजे रिकाम्या पेटीपेक्षा वाईट, हे तुम्हाला माहीत असेलच."

ताईच्या डोळ्यांपुढे दारावरची पाटी उतरवलेली दिसायला लागली, आणि त्या दोन बस.

"पेटी आणा," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर उघडा. गुरुवारनंतर आणखी काही आलं असेल तर बघू."

"चिमणे, किल्ली?" ताईने विचारलं. लाल फितीची किल्ली कशाची, हे आत्ता तिच्या लक्षात आलं होतं.

चिमणी पेटीपाशीच उभी होती. तिने अभिमानाने फटीकडे बोट केलं. "मी पत्र टाकलं."

"किल्ली आत टाकलीस?"

"आधी चित्र. मग किल्ली. मग बिस्कीट."

मावशींनी कपाळावर हात मारला. मग त्यांना आठवलं. "काका! शिंपीकाका! तुमच्या खिशात तो मशीनचा बारका स्क्रूड्रायव्हर असतो ना? जरा उघडा हो पेटी."

शिंपीकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्ताच?"

"नाहीतर काय, पुढच्या तपासणीला?"

काका उठले. 'नाही' हा शब्द त्यांच्या घशापर्यंत आलेला सगळ्यांना दिसला आणि परत खाली गेलेलाही दिसला. ते पेटीपुढे उकिडवे बसले आणि बिजागरीचा पहिला स्क्रू काढायला लागले. ज्या माणसाला अर्ध्या मिनिटात सुईत दोरा ओवताना सगळ्यांनी बघितलं होतं, त्याला एका स्क्रूला तीन मिनिटं लागली. दुसऱ्या स्क्रूच्या आधी त्यांनी चष्मा पुसला. तिसऱ्याच्या आधी पाणी मागितलं. चौथा निघाला आणि झाकण वर आलं.

आतून निघाली एक लाल फितीची किल्ली, एक अर्धं बिस्कीट, मावशींची हरवलेली केसांची पिन, आणि एक चित्र. चित्रात एक मोठं गोल तोंड होतं. मावशींनी ते लगेच ओळखलं आणि खिशात घातलं. सगळ्यात खाली एक कागद होता. टोकाला टोक जुळवून, धुतलेल्या कापडासारखा चार पदरी घडी घातलेला.

बाईंनी तो उघडला. पहिली ओळ बघितली, मग फाइलमधले कागद बघितले. अक्षर तेच. त्यांनी सगळा कागद मनात वाचला. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. ताईच्या मते तपासनीस होण्यासाठी चेहऱ्याचीच परीक्षा घेत असावेत.

"हे लिहिणारी व्यक्ती इथे आहे?"

उकिडव्या बसलेल्या काकांनी स्क्रूड्रायव्हर धरलेला हात वर केला. "मी."

"तक्रारदाराच्या परवानगीशिवाय मला हे मोठ्याने वाचता येत नाही. वाचू का?"

काकांचं उत्तर काय असणार ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दीड वर्षात एकदाही चुकलं नव्हतं ते. पंखा आवाज न करता फिरत होता. घड्याळाची टिकटिक त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आली.

"नाही," काका म्हणाले.

सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"मी वाचतो," काका म्हणाले आणि त्यांनी कागद हातात घेतला. वाचताना त्यांनी एकही शब्द गाळला नाही.

"'माननीय केंद्र, सप्रेम नमस्कार. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी इथे येतो. मंगळवारी ताईंनी सगळ्यांना तक्रार लिहायला सांगितली. बाहेर पडल्यावर गटातले सातही जण म्हणाले, काका, तुमचं अक्षर चांगलं आहे, आमचीही लिहा. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्या दिवशी दुकान उघडता आलं नाही. माझी स्वतःची तक्रार अशी, की जिथे मी नाही म्हणायला शिकायला येतो, तिथेच माझ्याकडून हो म्हणवून घेतलं. ताई चांगल्या आहेत. पण हे बरोबर नाही.'" काका थांबले. "पुढे 'राग मानू नये' असं लिहिलं होतं. ते खोडलंय."

सात जणांच्या माना पार खाली गेल्या. ताईचा चेहरा आधी लाल झाला, मग डोळे भरून आले. आठवडाभर ती पेटीच्या फटीत डोळा घालून बघत होती. फटीपलीकडे माणूस उभा आहे, हे तिला दिसलंच नव्हतं.

"काका," ती त्यांच्यासमोर खाली बसली. "चुकलं माझं. केंद्र बंद पडेल या भीतीने मी तुम्हा सगळ्यांना कामाला लावलं. तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच तुम्हाला विचारलं. यापुढे असं कुणाकडूनही लिहून घेणार नाही."

"नोंद करा," वरून बाईंचा आवाज आला.

"अं?"

"रजिस्टर काढा. तक्रार क्रमांक एक. या सात मी धरणार नाही. खऱ्या असतील, पण मागवून घेतलेल्या आहेत. ही कुणी मागितलेली नाही. तक्रार आली, तक्रारदारासमोर चूक मान्य झाली, सुधारणा ठरली. तारीख घाला." मग त्या काकांकडे वळल्या. "शेवटचा रकाना. तक्रारदाराचं समाधान झालं?"

काकांनी विचार केला. "बरंचसं."

"'बरंचसं' असं रकान्यात नाही. हो की नाही?"

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. ताईने पेन तसंच धरून ठेवलं. एका 'हो'वर सगळं केंद्र टांगलेलं होतं, आणि 'हो' म्हणण्यात काकांचा हात धरणारा सगळ्या वस्तीत कुणी नव्हता.

"नाही," काका म्हणाले.

"अहो काका!" मावशी कळवळल्या.

"एक राहिलंय." काकांनी खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि एक पिवळा, ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक काढला. "ताई, हा चिमणीचा फ्रॉक. चार आठवडे रोज दुकानात नेतो, रोज परत आणतो. हातात बावीस कपडे आहेत. मला नाही जमणार."

ताईने फ्रॉक घेतला. कड जशीच्या तशी लोंबत होती. तिला रडू आणि हसू एकदमच आलं. "हो काका. मी शिवेन."

"आता झालं समाधान," काका म्हणाले आणि त्यांनी खूप लांब श्वास सोडला. "हो. लिहा."

बाईंनी लिहिलं. त्यांनी कागद फिरवून ताईला शेरा दाखवला : 'तक्रार निवारण यंत्रणा चालू असल्याचे प्रत्यक्ष पाहिले.' खाली सही, शिक्का.

ताईने तो तीनदा वाचला, आणि मग ती हाताला लागेल त्या खुर्चीवर बसली. ती खिडकीजवळची होती. पुठ्ठा सरकला आणि खुर्ची डुगडुगली. तेवढ्याने सगळी खोली हसायला लागली. आधी ते सात जण, मग डॉक्टरीणबाई, आणि शेवटी शिंपीकाका, डोळे पुसत पुसत.

"आपल्याला आत्ता काय वाटतंय?" सरांनी सगळ्यांना विचारलं.

"भूक लागल्यासारखं वाटतंय," मावशी म्हणाल्या.

बाईंनी बॅग बंद केली. दारापाशी जाऊन त्या थांबल्या. "एक उणीव मात्र लिहिली आहे. आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं. गोपनीयतेचा प्रश्न आहे. ते पंधरा दिवसांत बघा."

"म्हणजे पंखा पुन्हा बिघडवायचा का?" मावशींनी विचारलं.

बाईंनी दार उघडलं. त्या पाठमोऱ्या झाल्यावर त्यांचे खांदे जरासे हलल्याचं चिमणीने नंतर शपथेवर सांगितलं. दार आवाज न करता मिटलं.

दुपारी घरी आल्यावर ताईने चिमणीला जेवू घातलं, खिडकीपाशी बसली आणि सुईत दोरा ओवला. अर्धा तास गेला त्यातच. मग बोटाला दोनदा सुई टोचून घेत, जीभ दातात धरून, तिने फ्रॉकची कड शिवून काढली आणि लांब धरून बघितली. एकीकडे ती गुडघ्याच्या वर जात होती, दुसरीकडे पोटरीपर्यंत उतरत होती. पण शिवून झाली होती. चार आठवडे डोक्यावर असलेलं एक काम संपलं होतं. आणि केंद्र उद्या सकाळी नऊ वाजता उघडणार होतं.

चिमणी जवळ आली. तिने एक डोळा मिटून कड बघितली, मग दुसरा मिटून बघितली.

"आई, हे वाकडं आहे."

"हो?"

"हो. मी नाही घालणार."

ताईने लेकीकडे बघितलं. राग मानू नये वगैरे काहीही न म्हणता, दोन पाय रोवून उभी होती.

"नोंद घेतली," ताई म्हणाली. तिने दोरा दाताने तोडला, सगळी कड उसवली आणि गुणगुणत पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात केली.